आधी संपणार कोण? लिमिटिंग रिअ‍ॅक्टंटचं गणित सोप्या भाषेत

केमिस्ट्रीत एक गणित असतं ज्यात भली भली पोरं अडकतात. अमुक ग्रॅम हे घेतलं, तमुक ग्रॅम ते घेतलं, दोघांची रिअ‍ॅक्शन झाली, तर तयार किती होईल आणि उरेल काय. दिसायला एवढंसं, पण बरेच जण याची तीन-चार ओळींची पद्धत घोकून ठेवतात, परीक्षेत ती कशीबशी ओकतात आणि मग विसरून जातात, कारण आपण मोल का काढतोय, मध्येच कशाने का भागतोय हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. खरं तर यात अवघड असं गणित नाहीच. गुणाकार-भागाकार येतो त्याला हे येतं, फक्त काय मोजायचं ते कळलं पाहिजे.

आणि हे फक्त मार्कांपुरतं नाही हां. गॅसची ज्योत निळी राहते की पिवळी पडते, रॉकेटमध्ये किती इंधन मुद्दाम न जळता बाहेर जातं, बंद यानात माणसं किती दिवस श्वास घेऊ शकतात, या सगळ्याचा हिशोब हाच आहे.

समीकरणातले आकडे नक्की कशाचे?

रिअ‍ॅक्शनमध्ये अणू नवे तयार होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत, फक्त जोड्या बदलतात. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनतो ते उदाहरण घेऊ, कारण आकडे सरळ आहेत. नायट्रोजनच्या एका रेणूत २ अणू, हायड्रोजनच्या एका रेणूत पण २ अणू, आणि अमोनियाच्या रेणूत १ नायट्रोजन नि ३ हायड्रोजन. दोन्ही बाजूचे अणू सारखे यायचे तर नायट्रोजनचा १ रेणू आणि हायड्रोजनचे ३ रेणू लागतात, त्यातून अमोनियाचे २ रेणू मिळतात. एकास तीन, त्यातून दोन. समीकरणात रेणूच्या आधी जो आकडा लिहितात तो हाच.

हे आकडे रेणूंच्या संख्येचे आहेत, ग्रॅमचे नाहीत. हे वाक्य हवं तर दोनदा वाचा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. १ ग्रॅम नायट्रोजनला ३ ग्रॅम हायड्रोजन लागतो असं अजिबात नाहीये. ग्रॅममध्ये बघायचं तर २८ ग्रॅम नायट्रोजनला ६ ग्रॅम हायड्रोजन पुरतो आणि ३४ ग्रॅम अमोनिया होतो. एकूण वजन तेवढंच राहिलं, पण एकास तीनचा तिथे मागमूससुद्धा दिसत नाही.

कशाला किती लागतं आणि त्यातून किती मिळतं, या हिशोबाला स्टॉइकिओमेट्री म्हणतात. नाव ऐकूनच घाम फुटतो, म्हणून यापुढे मी नुसतं हिशोब म्हणणार आहे. गंमत म्हणजे हे नाव येरेमियास बेंजामिन रिश्टर या जर्मन माणसाने १७९२ मध्ये दिलं, म्हणजे डाल्टनचा अणुसिद्धांत अजून यायचा होता. रिश्टरला गणिताचं वेड होतं, किती आम्लाला किती अल्कली लागते याची मापं तो घेत बसायचा. अणूंचं चित्र समोर नसतानाही प्रमाणं ठरलेली असतात एवढं त्याला वजनांवरूनच दिसत होतं.

सायकली जुळवायच्यात असं समजा

एका सायकलला १ फ्रेम आणि २ चाकं लागतात. तुमच्याकडे १० फ्रेम आहेत आणि १४ चाकं आहेत. सायकली किती होतील? सात. चाकं संपली, ३ फ्रेम पडून राहिल्या. आता बघा, मोजायला गेलं तर फ्रेम कमी होत्या आणि चाकं जास्त होती, तरी काम अडलं चाकांपाशी. म्हणजे कोणाची संख्या कमी हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असं, की आहे त्या मालात कोण किती सायकलींना पुरेल? फ्रेम दहांना पुरतात, चाकं सातांना. कमी पुरणारा जो, त्याच्यावर सगळं अडतं.

केमिस्ट्रीत त्या चाकांच्या जागी जो पदार्थ असतो त्याला लिमिटिंग रिअ‍ॅक्टंट म्हणतात, काही ठिकाणी लिमिटिंग रिएजंट पण म्हणतात, एकच ते. जो आधी संपतो आणि त्यामुळे पुढचं सगळं थांबतं तो. बाकीचा जो उरतो तो एक्सेस.

आता त्याच सायकलींमध्ये थोडी अडचण घालू. समजा फ्रेम आणि चाकं मोजून दिलीच नाहीत, वजन करून दिली. इतके किलो फ्रेम, इतके किलो चाकं, चला करा हिशोब. तुम्ही काय कराल? एका फ्रेमचं वजन किती ते बघाल, एका चाकाचं किती ते बघाल, भागाकार करून नग काढाल, आणि मग वरच्यासारखंच कोण किती सायकलींना पुरतं ते बघाल. लिमिटिंगचं अख्खं गणित एवढंच आहे, यात वेगळं काही नाही.

मग हा मोल मध्येच कशाला?

कारण रेणू एकेक मोजता येत नाहीत आणि एका रेणूचं वजन काट्यावर दिसत नाही. म्हणून रेणूंचा एक भलामोठा गठ्ठा ठरवला, त्याचं नाव मोल. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, हाच अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा. २० मे २०१९ पासून तर मोलची व्याख्याच ठराविक आकड्यावर बेतली आहे, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून करायचे.

आकडा पाठ नसला तरी काही बिघडत नाही, या गणितात तो बहुतेक वेळा वापरावाच लागत नाही. सोय अशी आहे की रेणूचं वस्तुमान (त्यातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज) जो आकडा असतो तितक्याच ग्रॅममध्ये बरोबर एक मोल रेणू बसतात. नायट्रोजन २८, म्हणून २८ ग्रॅम म्हणजे १ मोल. हायड्रोजन २, म्हणून २ ग्रॅम म्हणजे १ मोल. अमोनिया १७. (पक्के आकडे दशांशात असतात, हायड्रोजन २.०१६ वगैरे, इथे पूर्ण आकडे घेतलेत.) ग्रॅम भागिले हा आकडा केला की मोल आले, आणि मोल आले म्हणजे नग आले.

आता एक गणित पूर्ण करू

७० ग्रॅम नायट्रोजन आणि १२ ग्रॅम हायड्रोजन घेतला. अमोनिया जास्तीत जास्त किती होईल?

नग काढा. नायट्रोजन ७० भागिले २८, म्हणजे २.५ मोल. हायड्रोजन १२ भागिले २, म्हणजे ६ मोल. हायड्रोजनचे मोल दुपटीहून जास्त आहेत, पण फसू नका, त्याला लागतातही तिप्पट. आता प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा, म्हणजे कोण किती फेऱ्यांना पुरतो ते कळेल (एक फेरी म्हणजे नायट्रोजनचा १ मोल आणि हायड्रोजनचे ३ मोल, सायकलीतली जणू एक सायकल). नायट्रोजन २.५ भागिले १, म्हणजे २.५ फेऱ्या. हायड्रोजन ६ भागिले ३, म्हणजे २ फेऱ्या. हायड्रोजन कमी पुरला, तोच लिमिटिंग.

इथून पुढे नायट्रोजनकडे बघायचंसुद्धा नाही, सगळा हिशोब या २ फेऱ्यांवर. एका फेरीत अमोनियाचे २ मोल, म्हणून ४ मोल, म्हणजे ६८ ग्रॅम. नायट्रोजन २ मोल वापरला गेला, म्हणजे ५६ ग्रॅम, तर उरला १४ ग्रॅम. आता पडताळा घ्या, ६८ आणि १४ मिळून ८२, आणि सुरुवातीला टाकलं होतं ७० आणि १२, ते पण ८२. हा पडताळा दहा सेकंदांचं काम आहे आणि तरी कुणी करत नाही, मला याचं नेहमी नवल वाटतं. आकडा जुळला नाही तर कुठेतरी घोळ झालाय हे लगेच कळतं.

घोळ बहुतेक दोन ठिकाणी होतात. एक म्हणजे नायट्रोजनचं १४ धरणं. १४ हे अणूचं झालं, वायूत तो जोडीने असतो म्हणून २८. दुसरा घोळ जरा लबाड आहे, हायड्रोजनचे ३ रेणू लागतात म्हणून ३ गुणिले २ असे ६ ग्रॅम धरून १२ ला ६ ने भागायचं आणि वर परत ३ ने भागायचं. ६ ने भागलंत तिथेच उत्तर २ आलं, तीनचा हिशोब त्यात धरून झालाय, परत कशाला.

"पण ज्याचे ग्रॅम कमी तोच आधी संपणार ना?"

वरच्या गणितात योगायोगाने तसं झालं, म्हणून मुद्दाम थोडं बदलू. नायट्रोजन ७० ग्रॅमच ठेवा, हायड्रोजन १८ ग्रॅम करा. हायड्रोजन झाला ९ मोल, भागिले ३ म्हणजे ३ फेऱ्या. नायट्रोजन २.५ वरच आहे. आता नायट्रोजन आधी संपणार, ७० ग्रॅम असूनसुद्धा, आणि समोरचा फक्त १८ ग्रॅमवाला उरणार. अमोनिया ५ मोल म्हणजे ८५ ग्रॅम, उरलेला हायड्रोजन ३ ग्रॅम. बेरीज ८८, जुळतेय.

हेच हाताने करून बघायचं असेल तर खायचा सोडा आणि व्हिनेगर घ्या. या दोघांचं प्रमाण रेणूला रेणू असं एकास एक आहे. सोड्याचा १ मोल ८४ ग्रॅम, अ‍ॅसेटिक आम्लाचा ६० ग्रॅम. वाटतं की जवळपास सारखंच घ्यायचं. पण साध्या व्हिनेगरमध्ये आम्ल साधारण ५ टक्केच असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणी, आणि ते पाणी या हिशोबात धरायचंच नाही. १० ग्रॅम सोड्याला ७ ग्रॅमच्या किंचित वर आम्ल लागतं, म्हणजे व्हिनेगर लागतं जवळजवळ १४३ ग्रॅम! चमचाभर सोडा आणि चमचाभर व्हिनेगर असं समसमान घेतलं की फेस दणकून येतो, सोडा मात्र बहुतेक तसाच राहतो. फेस थांबल्यावर आणखी सोडा टाकून बघा, काही होत नाही, उलट थोडं व्हिनेगर ओता की परत फसफसतं. ज्याच्या टाकण्याने रिअ‍ॅक्शन परत सुरू होते तो लिमिटिंग, कागद-पेन्सिल न घेता ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

(जाता जाता, हे दोन्ही मिसळून सफाईचं जबरदस्त द्रावण बनतं असं जे फिरत असतं ना, हिशोब बरोबर जुळवला तर शेवटी हातात सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी राहतं. सोडा पण गेला, आम्ल पण गेलं. वेगवेगळे वापरलेले बरे.)

"एवढं कळतंय तर दोन्ही नेमक्या मापातच का घेत नाहीत?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे हे सगळं पुस्तकातून बाहेर येतं. प्रत्यक्षात नेमकं माप क्वचितच घेतात, बहुतेक वेळा कोणी आधी संपायचं हे माणूस स्वतः ठरवतो. प्रयोगशाळेत महाग पदार्थ लिमिटिंग ठेवतात आणि स्वस्त वाला जास्त टाकतात, म्हणजे महागातला कणही वाया जायला नको. किंवा जो पदार्थ शेवटी उरलेला चालणार नाही, विषारी आहे, वेगळा काढायला कटकटीचा आहे, तो आधी संपेल असं बघतात.

जळण्याचं घ्या. मिथेनच्या १ रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे २ रेणू लागतात. वायूंमध्ये एक मोठी सोय आहे, तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, हे अ‍ॅव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडलं, त्यामुळे ग्रॅमच्या भानगडीत न पडता लिटरमध्येच हिशोब होतो. १ लिटर मिथेनला २ लिटर ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे हवा लागली साडेनऊ लिटर. प्रोपेन असेल तर ऑक्सिजन ५ लिटर आणि हवा जवळजवळ २४ लिटर, म्हणून एका गॅससाठी बनवलेला बर्नर दुसऱ्या गॅसला तसाच जोडून चालत नाही. इथे आपल्याला इंधन आधी संपायला हवं असतं. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि खरा धोका म्हणजे कार्बनला दोन ऑक्सिजन मिळायच्या ऐवजी एकच मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग ना वास. बंद खोलीत काही जाळू नका हे जे सांगतात त्याच्यामागे हा हिशोब आहे, ऑक्सिजन लिमिटिंग होणं म्हणजे नुसतं जळण थांबणं नाही, तयार होणारा पदार्थच बदलतो.

पेट्रोल इंजिनात मात्र खरोखर नेमक्या मापाच्या मागे असतात. १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. धुराड्याच्या नळीत जो उत्प्रेरक (स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) बसवलेला असतो तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींना एकदम फक्त या मापाच्या आसपासच नीट हाताळू शकतो, म्हणून ऑक्सिजन सेन्सर सतत धूर चाखत असतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर त्यावरून इंधन कमी-जास्त करत राहतो.

आणि रॉकेट याच्या अगदी उलट. हायड्रोजन-ऑक्सिजनचं नेमकं प्रमाण वजनात एकास आठ. पण स्पेस शटलची मुख्य इंजिनं चालायची साधारण एकास सहावर. म्हणजे ऑक्सिजन मुद्दाम लिमिटिंग ठेवला. ६ किलो ऑक्सिजनला पाऊण किलोच हायड्रोजन लागतो, म्हणजे दर किलोतला पाव किलो हायड्रोजन न जळताच मागून बाहेर! उधळपट्टी वाटते ना? पण हलके रेणू जास्त वेगाने बाहेर पडतात आणि तोच वेग रॉकेटला कामाचा, शिवाय तापमान जरा आटोक्यात राहतं आणि तापलेल्या धातूला खाणारा जादा ऑक्सिजन शिल्लक राहत नाही.

अपोलो १३ मध्ये काय संपत होतं

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला, जे दोन माणसांसाठी आणि साधारण दोन दिवसांसाठी बनवलं होतं. तिथे घोर लागला तो श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. तो शोषायला डब्यांमध्ये लिथियम हायड्रॉक्साइड असतं, त्याचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचा १ असं प्रमाण. वजनात बघा, ४४ ग्रॅम वायूला ४८ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड. एक माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तर तिघांना दिवसाला सव्वातीन किलोच्या आसपास हे रसायन लागणार. एरवी ते जादा ठेवलेलं असतं आणि वायू आधी संपतो, म्हणजे हवा साफ राहते. इथे रसायनच लिमिटिंग व्हायला लागलं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत चालला. मुख्य यानात भरलेले डबे होते पण ते चौकोनी आणि या यानातली खाच गोल, मग पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या, नळ्या आणि चिकटपट्टी लावून ते जोडले, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. कुठलं रसायन किती तास पुरेल हा त्यामागचा हिशोब मात्र क्वचित कोणी सांगतं.

"कागदावर ६८ ग्रॅम आले, मग खरंच ६८ मिळतात का?"

नाही. लिमिटिंगवरून जे येतं ती वरची मर्यादा, तिला थिअरॉटिकल यील्ड म्हणतात. प्रत्यक्ष मिळालं ते भागिले हे, गुणिले १००, म्हणजे टक्क्यांत यील्ड. समजा ६८ च्या जागी ५१ ग्रॅम हातात आले तर ७५ टक्के. बाकीचं भांड्याला चिकटलं असेल, गाळताना गेलं असेल, किंवा काही माल भलत्याच रिअ‍ॅक्शनमध्ये गेला असेल.

अमोनियाची तर आणखी वेगळी तऱ्हा आहे. ती रिअ‍ॅक्शन उलटीही होते, बनलेला अमोनिया परत मोडतो, आणि एका टप्प्यावर बनणं नि मोडणं सारख्याच वेगाने चालू राहतं. तिथे लिमिटिंग वाला पूर्ण संपतच नाही. कारखान्यात वायू एकदा उत्प्रेरकावरून गेला की साधारण १५ टक्क्यांच्या आसपासच अमोनिया होतो, मग तो थंड करून द्रवरूपात बाजूला काढतात आणि उरलेला वायू परत आत सोडतात, असं फिरवत फिरवत शेवटी बहुतेक सगळा वापरला जातो. तेव्हा लिमिटिंग काढलं म्हणजे ते संपणारच असं धरू नका, जास्तीत जास्त किती होऊ शकतं एवढंच ते सांगतं. आणि उत्प्रेरक या हिशोबात कुठेच येत नाही, तो शेवटी जसाच्या तसा राहतो, म्हणून त्याचे मोल काढत बसू नका.

उलटा प्रकारही होतो, प्रॅक्टिकलमध्ये कधी कधी यील्ड ११० टक्के येतं आणि पोरं खूश होतात. नसलेले अणू कुठून येणार? बहुतेक वेळा पदार्थ नीट वाळलेला नसतो, किंवा एक्सेसमधला काही माल त्यातच अडकलेला असतो. परत धुवा, वाळवा, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवत राहा.